29 व्या नंबरची पोरं

जोनाथन सिमन्स नावाच्या ह्यूस्टनच्या पोरानं 2013 साली ऑस्टिनच्या बास्केटबॉल संघाच्या निवड चाचणीसाठी 150 डॉलर भरले. चाचणी खुली होती. पैसे भरा आणि इतरांबरोबर धावा. असल्या चाचणीतून फारसं कुणी वर जात नाही, हे पैसे भरणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. सिमन्स मात्र संघात आला, दोन मोसम ऑस्टिनला खेळला, आणि 2015 च्या जुलैत लास व्हेगासच्या समर लीगमध्ये सॅन अँटोनियो स्पर्सच्या नवशिक्या पोरांत दिसला. त्या पोरांची कोच होती बेकी हॅमन. त्यांनी ती स्पर्धा जिंकली आणि अंतिम सामन्याचा मानकरी सिमन्स ठरला. पुढच्या वर्षी 25 ऑक्टोबरला गोल्डन स्टेटच्या घरच्या कोर्टावर, केव्हिन ड्युरांट त्या संघाकडून पहिल्यांदा खेळत असताना, सिमन्सनं 20 गुण काढले. स्पर्सनी तो सामना 129-100 असा मारला.

इकडे ही गोष्ट स्वप्नपूर्तीची म्हणून सांगतात. मला तिच्यातला हिशेब जास्त दिसतो.

मी मूळची नागपूरची. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळले, सिमेंटच्या कोर्टावर गुडघे फोडून घेतले, आणि नोकरीच्या निमित्तानं 2006 मध्ये ऑस्टिनला आले. तेव्हा इथे ऑस्टिन टोरोज नावाचा संघ कन्व्हेन्शन सेंटरमध्ये खेळायचा. आठवडाभर जिथे व्यापारी प्रदर्शनं भरायची, तिथे लाकडी फळ्या जोडून कोर्ट मांडायचे. तिकीट स्वस्त आणि गर्दी नाही, त्यामुळे कोचचं ओरडणं शब्दन् शब्द ऐकू यायचं. मला खरी गोडी त्या ओरडण्याचीच लागली.

आधी गणित सांगते. एनबीएचे संघ दर जूनमध्ये नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. हरलेल्या संघांना आधी पाळी मिळते, जिंकलेल्यांना शेवटी. संघ तीस, फेऱ्या दोन. सॅन अँटोनियोला 1987 मध्ये पहिली पाळी मिळाली तेव्हा डेव्हिड रॉबिन्सन आला, आणि 1996-97 मध्ये रॉबिन्सन जखमी होऊन संघ 62 सामने हरला तेव्हा पुन्हा पहिली पाळी मिळून टिम डंकन आला. त्यानंतर ते हरेचनात. 1998 पासून 2019 पर्यंत सलग 22 वर्षं प्लेऑफ आणि पाच विजेतेपदं. जिंकण्याची शिक्षा अशी की चांगली पोरं 27-28 जण उचलून मोकळे झाल्यावर यांची पाळी. टोनी पार्कर 2001 मध्ये 28 वा. बेनो उद्रिह 28 वा, इयान माहिन्मी 28 वा, टियागो स्प्लिटर 28 वा. पुढे कोरी जोसेफ, डेजाँटे मरे, डेरिक व्हाइट, केल्डन जॉन्सन, हे चौघे चार वेगवेगळ्या वर्षांचे, आणि चौघेही 29 वे. मनू जिनोबिली तर 57 वा. 29 व्या नंबरच्या पोरात काहीतरी कमी असतंच, नाहीतर तो तिथवर उरला नसता. ते कमी असलेलं भरून काढता येतं का, यावर या संघाला वीस वर्षं पोट भरावं लागलं.

व्यावसायिक बास्केटबॉलला पोरं घडवण्याची सवय नव्हती. बेसबॉलमध्ये ब्रँच रिकी यांनी सेंट लुईससाठी 1920 च्या दशकातच लहान गावांचे संघ ताब्यात घेऊन तिथे पोरं वाढवायची पद्धत पाडली होती. बास्केटबॉलवाल्यांना त्याची गरज पडली नाही, कारण कॉलेजं ते काम फुकटात करत होती. चार वर्षं कॉलेजच्या कोचनं रगडलेला बावीस वर्षांचा तयार गडी मिळायचा. ज्याला जागा मिळाली नाही, तो कॉन्टिनेन्टल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये लहानसहान शहरांत बसनं फिरत खेळायचा. ही संस्था 1946 पासूनची. 1999 मध्ये आयझया थॉमसनं ती विकत घेतली आणि 2001 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी एनबीएनं स्वतःची डेव्हलपमेंट लीग काढली, सगळ्यांच्या तोंडी डी-लीग. आग्नेयेकडच्या राज्यांतले आठ संघ, ॲशव्हिल, रोनोक, हंट्सव्हिल अशा गावांचे.

मधल्या काळात कॉलेजची वाटच वळली होती. 1995 मध्ये केव्हिन गार्नेट शाळेतून थेट एनबीएत आला, पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट, 2003 मध्ये लेब्रॉन जेम्स. हे तिघे तरले. पण त्यांच्याकडे बघून आलेली बरीच अठरा वर्षांची पोरं बाकावर बसून लाखो डॉलर घेत होती आणि खेळ विसरत होती. 2005 च्या करारात वयाची अट 19 वर आली, आणि पहिल्या दोन वर्षांतल्या खेळाडूला डी-लीगमध्ये धाडायची मुभा संघांना मिळाली. पण एका डी-लीग संघाला दोन-तीन एनबीए संघ जोडलेले. प्रत्येकाचे डाव वेगळे, भाषा वेगळी. तिथल्या कोचला जिंकून दाखवायचं असायचं, दुसऱ्याच्या पोराला शिकवण्यात त्याला काय रस?

लेकर्सनी 2006 मध्ये स्वतःचा डी-लीग संघ काढला. स्पर्सनी 2007 मध्ये टोरोज विकत घेतला. हा संघ मुळात जॉर्जियातल्या कोलंबसचा, 2005 मध्ये ऑस्टिनला आलेला. सॅन अँटोनियो ते ऑस्टिन इंटरस्टेट 35 नं 80 मैल. सकाळी वरच्या संघाबरोबर सराव करून पोरगा संध्याकाळी खालच्या संघाकडून खेळू शकतो, इतकं जवळ. (ट्रॅफिक नसेल तर. तो असतोच.) 2010 मध्ये संघ ऑस्टिनच्या उत्तरेला सीडर पार्कच्या नव्या बंदिस्त मैदानात गेला, आणि 2014 मध्ये नावही ऑस्टिन स्पर्स झालं.

त्याआधीची एक आठवण इथे सांगायलाच हवी. 2007 च्या फेब्रुवारीत टोरोजचे कोच डेनिस जॉन्सन, बॉस्टन सेल्टिक्सचे जुने गार्ड, सरावानंतर कोसळले आणि गेले. वय 52. एनबीएची तीन विजेतेपदं नावावर असलेला माणूस कन्व्हेन्शन सेंटरच्या त्या उसन्या कोर्टावर अनोळखी पोरांना बचावात पाय कसे टाकायचे ते शिकवत होता. मला त्यांचा आवाज अजून आठवतो.

मालकी एक झाल्यावर पहिली गोष्ट बदलली ती डावांची. सॅन अँटोनियोत ज्या डावाला जे नाव, ऑस्टिनलाही तेच. बचावात कुणी कुणाच्या मदतीला धावायचं, बेसलाइन द्यायची की नाही, सगळं तेच. कोरी जोसेफचं उदाहरण घ्या. कॅनडाचा, विशीतला पॉइंट गार्ड. वर खेळायला मिळेना, तेव्हा 2012-13 मध्ये त्यानं स्वतःहून ऑस्टिनला पाठवा म्हणून सांगितलं. तोवर डी-लीगमध्ये जाणं म्हणजे नाक कापून घेणं समजत. मार्च 2013 मध्ये पार्करचा घोटा मुरगळला आणि जोसेफ थेट पहिल्या पाचांत उभा राहिला. नवीन काही शिकवावं लागलं नाही, कारण तेच डाव तो खाली चालवत होता.

आता शॉटबद्दल. नागपूरला आमच्या सरांचं एक ठाम मत होतं, शॉट हातात असतो किंवा नसतो. पाय शिकवता येतात, पास शिकवता येतो, शॉट नाही. त्या काळी जगभरातल्या बऱ्याच कोचचं मत हेच होतं. स्पर्सनी 2005 मध्ये चिप एंगलंड यांना नेमलं ते नेमकं याच्या उलट धरून. एंगलंड ड्यूक विद्यापीठाकडून खेळलेले, पुढे फिलिपिन्समध्येही खेळलेले, आणि एनबीएत एक मिनिटही न खेळलेले. ग्रँट हिल, शेन बॅटिए अशांच्या शॉटवर त्यांनी आधी काम केलं होतं.

त्यांच्या हाती आधी आला पार्कर. पॅरिसचा हा पोरगा 2001 मध्ये पहिल्या चाचणीत इतका ढिला वाटला होता की स्पर्सचे मुख्य कोच ग्रेग पोपोविच यांनी त्याच्यावर काट मारली होती. सॅम प्रेस्टी तेव्हा संघात नुकताच उमेदवारी करत होता. त्यानं पार्करच्या खेळाच्या चित्रफिती जोडून साहेबांपुढे ठेवल्या, म्हणून दुसरी चाचणी झाली. पार्कर वाऱ्यासारखा आत घुसायचा, पण बाहेरून शॉट डळमळता. एंगलंड यांनी त्याचा अंगठा, बोटांची ठेवण आणि चेंडू सोडण्याची जागा बदलली, आणि तीन गुणांचे शॉट जवळजवळ बंदच करायला लावले. आधीच दोन विजेतेपदं मिळवलेल्या गड्याला हे सांगायला छाती लागते. 2004-05 मध्ये त्याचे मैदानी शॉट 48.2 टक्के जात होते, 2005-06 मध्ये 54.8 टक्के. 2007 च्या अंतिम मालिकेचा मानकरी तोच.

दुसरा कव्हाय लेनर्ड. 23 जून 2011 च्या ड्राफ्टच्या रात्री स्पर्सनी जॉर्ज हिल देऊन 15 वा लेनर्ड घेतला. हिल स्वतः 26 वा, याच घरात वाढलेला आणि पोपोविच यांचा लाडका. लेनर्डचा कॉलेजातला तीन गुणांचा शॉट 25 टक्के, म्हणजे चारात एक. 1 जुलैला मालकांनी टाळेबंदी केली आणि कोचना खेळाडूंशी बोलायचीही बंदी झाली. एंगलंड यांच्या हातात मोजके दिवस. त्यांनी एकच गोष्ट दिली: चेंडू डोक्याच्या फार वर आणि मागे जात होता, तो पुढे आण. लेनर्ड पाच महिने एकटा तेच करत राहिला. डिसेंबरात हंगाम उघडला आणि पहिल्याच वर्षी त्याचे 37.6 टक्के शॉट गेले. 2014 च्या अंतिम मालिकेत 22 व्या वर्षी मानकरी. मग 2018 मध्ये दुखापतीवरून बिनसलं आणि तो टोरोंटोला गेला तो पुढच्याच वर्षी त्यांना विजेतेपद देऊन मोकळा झाला. घडवलेला माणूस घडवणाऱ्याकडे राहतोच असं नाही.

हे काम चालतं कसं, ते सीडर पार्कला फार जवळून बघता येतं. सामन्याच्या बऱ्याच आधी, खुर्च्या रिकाम्या असताना, एक पोरगा आणि एक सहायक कोच येतो. पोरगा रिंगच्या इतक्या जवळ उभा राहतो की आपल्याला वाटावं, इथून तर कुणीही टाकेल. एका हातानं टाकतो, दुसरा हात पाठीमागे. कोच चेंडूकडे बघतच नाही. त्याचे डोळे पोराच्या कोपरावर आणि मनगटावर. चेंडू आत गेला तरी कधी मान हलवतो, बाहेर गेला तरी कधी "हां" म्हणतो. मग एक पाऊल मागे, पुन्हा तेच. घामाचा थेंब यायच्या आत काम संपतं आणि दुसरी जोडी येते. पोपोविच यांचे दीर्घकाळचे सहायक माइक बुडनहोल्झर 2013 मध्ये अटलांटाला गेले तेव्हा अशा छोट्या वैयक्तिक शिकवण्यांना तिथे 'व्हिटॅमिन' म्हणू लागले. रोज थोडं थोडं घ्यायचं, लगेच गुण दिसत नाही.

स्पर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये दगड फोडणाऱ्या पाथरवटाबद्दलचा जेकब रीस यांचा एक उतारा लावलेला असतो, त्याची कौतुकं इतक्यांनी केली आहेत की मी करत नाही. भिंतीवरच्या उताऱ्यानं शॉट सुधारत नाही. डंकन होता म्हणून धीर धरता आला. पहिल्या नंबरचा माणूस रोज रात्री वीस गुण आणि दहा रिबाउंड देत असेल तर 29 व्या नंबरच्या पोराला दोन वर्षं थांबवता येतं. ज्यांच्याकडे डंकन नाही, त्यांचा कोच दोन वर्षांत घरी जातो. जिनोबिलीला 1999 मध्ये निवडून तीन वर्षं इटलीतच मुरू दिला. रेज्जिओ कालाब्रिया, मग बोलोन्या. लोणचं घातलं आणि बरणी दुसऱ्याच्या फडताळात ठेवली, असा प्रकार. स्प्लिटर 2007 मध्ये निवडला, स्पेनमधून आला 2010 मध्ये. हा धीर चैनीचा होता. पण चैन परवडत असूनही ती न करणारे संघ मी भरपूर पाहिले आहेत, तेव्हा श्रेय द्यायचं ते दिलंच पाहिजे.

डॅनी ग्रीनची कथा सांगणाऱ्यांना एक कडू भाग गाळायची सवय आहे. 2009 चा 46 वा. क्लीव्हलंडनं काढला. 2010 च्या नोव्हेंबरात स्पर्सनी घेतला आणि आठवड्याच्या आत त्यांनीही काढला. मग तो डी-लीगमध्ये रिनोला, पुन्हा स्पर्स, मग ऑस्टिन, टाळेबंदीत स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाला. 2013 च्या अंतिम मालिकेत त्यानं तीन गुणांचे 27 शॉट टाकून रे ॲलनचा 22 चा विक्रम मोडला. 'स्पर्सनी घडवलं' म्हणतात, ते खरंच. पण काढून टाकणाऱ्यांतही स्पर्स होते.

खालच्या संघाचा पगार ऐकाल तर हसाल. 2014 च्या सुमारास डी-लीगमध्ये तीन इयत्ता होत्या: 25,500, 19,000 आणि 13,000 डॉलर, आख्ख्या मोसमाचे. ऑस्टिन हे कॉम्प्युटरवाल्यांचं गाव, घरभाडी आकाशाला भिडलेली. आमच्या ऑफिसात उन्हाळ्यात उमेदवारीला येणारी कॉलेजची पोरं दोन-तीन महिन्यांत याहून जास्त घेऊन जायची. वर आणखी एक गोम होती. ज्याला एनबीए संघानं करार देऊन खाली पाठवलेलं नाही, असा कुठलाही खेळाडू कुठलाही एनबीए संघ उचलू शकायचा. ऑस्टिननं घडवावा, डेन्व्हरनं न्यावा. 2017 मध्ये ही लीग गेटोरेडच्या पैशानं जी-लीग झाली तेव्हा 'टू-वे' करार आले. दोन खेळाडू वर-खाली दोन्हीकडे खेळणार, पगार किमान 75,000. 2023 पासून असे तीन. राखण्याची सोय झाली तसे इतर मालकही आपापले संघ घेऊ लागले, आणि 2024 पर्यंत तिसाही एनबीए संघांना आपापला खालचा संघ झाला. स्पर्सची खासियत तिथे संपली.

जे घडत नाहीत त्यांचंही बोललं पाहिजे. 2015 च्या ड्राफ्टमध्ये डॅलसनं 52 व्या नंबरवर सतनामसिंग घेतला. पंजाबातल्या बल्लोके गावचा, लुधियाना अकादमीतला, सात फुटांच्या वरचा. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. डॅलसनं त्याला फ्रिस्कोच्या टेक्सास लेजेंड्सकडे धाडलं. लेजेंड्स सीडर पार्कला आले की आम्ही देशी मंडळी झुंडीनं जायचो. आमच्यातल्या एका काकूंनी त्याच्यासाठी पराठे आणले होते, ते सुरक्षारक्षकानं दारातच अडवले. सतनाम बहुतेक वेळ बाकावर. कोर्टावर आला की सगळे उभे राहायचे आणि त्या दोन मिनिटांत खेळ त्याच्या बाजूनं पळून जायचा. लीग वेगवान, छोट्या चपळ गड्यांची झाली होती. रिंगखाली उभ्या राहणाऱ्या उंच माणसाचं कामच गेलं होतं. दोन मोसम खेळून तो परतला, एनबीएत एकही सामना मिळाला नाही, आणि पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. त्याला शिकवायला कुणी कमी पडलं असं मला वाटत नाही. काही वेळा पोरगा शिकतो तोवर खेळच बदलतो.

खेळाडूंइतकेच ऑस्टिनमध्ये कोच घडले, आणि माझ्या मते हा खरा ठेवा. डेनिस जॉन्सननंतर आले क्विन स्नायडर, मिझुरी विद्यापीठातून बाहेर पडलेले. पुढे ते यूटा आणि अटलांटाचे मुख्य कोच झाले. 2012-13 चे कोच टेलर जेन्किन्स नंतर मेम्फिसला. ऑस्टिननं विजेतेपद दोनदा मिळवलं, 2012 आणि 2018. दुसऱ्या वेळच्या संघात डेरिक व्हाइट होता. शाळा सुटली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजनं त्याला विचारलं नव्हतं. कोलोरॅडोतल्या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजातून तो वर आला. त्या मोसमी तो वरच्या संघात जवळजवळ बसूनच होता, पण खाली भरपूर खेळत होता. 2024 मध्ये बॉस्टनच्या विजयी संघात तो पहिल्या पाचांत होता. त्याच 2018 च्या ऑस्टिन संघाचे एक सहायक कोच होते मिच जॉन्सन. मे 2025 मध्ये पोपोविच आजारपणामुळे बाजूला झाले, तेव्हा सॅन अँटोनियोची गादी त्यांच्याकडे आली.

स्पर्सना 2023 मध्ये फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा मिळाला, पहिल्या नंबरनं. अर्थात त्यासाठी आधी भरपूर हरावं लागलं. तो ऑस्टिनला खेळला नाही, त्याला गरजही नव्हती. चिप एंगलंड यांनी तर 2022 मध्येच सॅन अँटोनियो सोडलं आणि ओक्लाहोमा सिटीला गेले. त्यांना बोलावणारा होता सॅम प्रेस्टी, तोच, पार्करच्या चित्रफिती जोडणारा. ओक्लाहोमानं 2025 मध्ये विजेतेपद घेतलं. त्यांच्या पहिल्या पाचांतला लू डॉर्ट कुणीच न निवडलेला, टू-वे करारावर त्यांच्या खालच्या संघातून वर आलेला.

हिवाळ्यात ऑस्टिनला लेकीकडे-मुलाकडे येणार असाल तर सीडर पार्कला जरूर जा. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. तिकिटाला फार पैसे पडत नाहीत, गाडी लावायला जागा मिळते. फक्त सामन्याच्या वेळेवर जाऊ नका, दार उघडताच जा आणि कोर्टाच्या कडेला बसा.